पायऱ्या गरम, सौना गार

रग्नेने नोटीस फाडली, आणि तीही हातमोजे न काढता. जाड लोकरी हातमोज्यांनी कागद फाडायचा म्हणजे काही खायचं काम नाही. चार वेळा निसटला, पाचव्यांदा चिकटपट्टीसकट आणि दाराच्या हिरव्या रंगाच्या एका पोपड्यासकट हातात आला.

'किविरान्ना गावाचा सार्वजनिक सौना १ फेब्रुवारीपासून पुढील सूचनेपर्यंत बंद. कारण : विजेचा दर.' खाली पालिकेचा गोल शिक्का.

"फाडलीस?" आतून आईचा आवाज आला.

"वाऱ्याने उडाली."

"आज वारा नाहीये."

"म्हणूनच तर वीज महाग आहे!"

आई, म्हणजे माइरे, हातात बादली घेऊन दारात आली. ती गेली अकरा वर्षं या सौनाची, म्हणजे गावाच्या वाफेच्या न्हाणीघराची, राखणदार होती. दगडांची भट्टी तापवायची, बाकं घासायची, गरम पाण्याच्या टाकीवर नजर ठेवायची, आणि वाफेत बसून बसून कोणाला चक्कर आली की ओढून बाहेर बर्फात बसवायचं, हे तिचं काम. ती हसेल असं रग्नेला वाटलं होतं. ती हसली नाही. "तालिनच्या मावशीने सांगितलंय," ती म्हणाली, "तिच्या लाँड्रीत एक जागा आहे. माझं सोड गं, मी जाईन. पण लेइदाबाईंनी आंघोळ कुठे करायची?"

लेइदा मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्या घरात विहिरीचं पाणी आणि एक चूल, बस्स. गरम पाण्याचा नळ तिने उभ्या जन्मात घरात पाहिला नव्हता. तिच्यासारखी निदान पंधरा घरं किविरान्नात होती. शनिवारचा सौना म्हणजे त्यांची आंघोळ, त्यांचं वर्तमानपत्र, त्यांचा दवाखाना आणि त्यांचं कोर्ट.

हे सगळं झालं एका नांगरामुळे. नाताळच्या आठवड्यात एका जहाजाने आपला नांगर आखातात मैलोन् मैल तळावरून फरफटत नेला, आणि एस्टोनिया आणि फिनलंड यांच्यामध्ये समुद्राखाली निजलेली विजेची जाड केबल तटकन तोडली. ही केबल किविरान्नाच्याच किनाऱ्यावर वर येते. तिथे एक मोठी पिवळी पाटी आहे, पाटीवर नांगर आणि नांगरावर आडवी काट. गावातल्या शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळतो. कप्तानाला कळला नाही, की कळून वळला नाही, ते कोर्ट ठरवेल. लेइदा मावशीने मात्र त्याच दिवशी निकाल देऊन टाकला होता, आणि तो निकाल चारचौघांत वाचून दाखवण्यासारखा नव्हता.

केबल जोडायला ऑगस्ट उजाडणार होता. तोवर एकच जुनी बारीक केबल उरली. म्हणजे लग्नघराला एकच घागर. जाड केबलीतून फिनलंडचा वारा वीज होऊन यायचा, त्याच्यामागून स्वीडनच्या नद्या यायच्या, आणि आपल्याकडे जास्त झालं की आपलंही तिकडे जायचं. ती आली तेव्हा वीज इतकी उतरली होती, की पालिकेने सौनाची लाकडाची भट्टी काढून विजेची बसवली आणि धुराडंही पाडून टाकलं. आईला नोकरी लागली ती त्याच वर्षी. आता केबल गेली, धुराडंही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं.

"आई, तू तालिनच्या मावशीला हो म्हणालीस?"

"अजून नाही."

"मग म्हणू नकोस," रग्ने म्हणाली आणि नोटीस चुरगळून खिशात कोंबली.

मागच्या सप्टेंबरपर्यंत हीच रग्ने वर्गात हजेरी देतानासुद्धा लाल व्हायची. मग एकदा भौतिकशास्त्राच्या सरांनी फळ्यावर गणित चुकवलं, आणि तिचा हात तिला न विचारताच वर गेला. सर म्हणाले, "अरेच्चा, खरंच की." आभाळ कोसळलं नाही. जमीन दुभंगली नाही. तेव्हापासून पंधरा वर्षांच्या रग्नेला बोलण्याची चटक लागली होती, आणि चटक म्हणजे चटकच; ती काय एका चमच्यावर भागते?

गुरुवारी पालिकेच्या इमारतीत सभा होती. बाहेर गुडघाभर बर्फ, पण इमारतीच्या सात पायऱ्या मात्र कोरड्या ठणठणीत. दोन वर्षांपूर्वी राजधानीतून, तालिनहून, आलेले एक बडे पाहुणे तिथे घसरून पडले, तेव्हापासून पायऱ्यांखाली गरम तारा घातल्या होत्या. चौथ्या पायरीवर टपालखात्याची तांबडी मांजर पाय ताणून झोपली होती. रग्ने तिला ओलांडून आत गेली.

पालिकाप्रमुख उर्मेत उंचापुरा, सभ्य माणूस. कोणावर आवाज चढवायचा नाही, फक्त आकडे वाचायचा, आणि ते जास्त झोंबायचं. त्याने जानेवारीचं आतापर्यंतचं बिल वाचलं.

पहिला आवाज हाइनोकाकांचा. हे जुने कोळी. त्यांची जाळी जितकी मोठी, तितकीच तक्रारही. "मी तेव्हाच सांगत होतो! समुद्रापलीकडे हात पसरायचेच कशाला? आपली भट्टी, आपलं लाकूड, आपला धूर. फिनी लोकांच्या तारेवर जगायचं, मग तार तुटल्यावर बोंब मारायची!"

"काका," रग्ने उभी राहिली. खुर्ची करकरली, सगळी डोकी वळली. "तुमची विहीर मागच्या उन्हाळ्यात आटली तेव्हा पाणी कुठून आणलंत?"

"लेइदाकडून. त्याचा इथे काय संबंध?"

"आणि तिच्या विहिरीत उंदीर पडला तेव्हा तिने कुठून आणलं?"

"माझ्याकडून!" लेइदा मावशीच ओरडली, मग जीभ चावली. "म्हणजे ह्याच्याकडून. सांग, पोरी, सांग."

"तेच तर. आपल्याकडे वारा पडतो तेव्हा त्यांच्याकडे असतो. त्यांच्याकडे कडाका पडतो तेव्हा आपल्याकडे थोडी वीज जास्त असते. दोघांच्या दोन विहिरी, आणि मधून एक पायवाट. कोणीतरी पायवाट खणून टाकली, तर दोष विहिरीचा का, काका? पायवाट होती तेव्हा तुमच्या माशांच्या शीतपेटीचं बिल किती यायचं, ते सांगा ना सगळ्यांना!"

हाइनोकाकांनी मिशा चावल्या. सांगितलं नाही. ते वाटेल तितकं भांडतील, पण खोटं बोलणार नाहीत.

"हे सगळं ठीक आहे," उर्मेत म्हणाला, "पण पायवाट ऑगस्टपर्यंत नाही. सौना चालवायचा कसा?"

रग्नेने पुढच्या खुर्चीची पाठ धरली. "शनिवार सोडायचा."

"काय?"

"शनिवारी संध्याकाळी सौना तापवायचा नाही. अख्खा देश त्याच वेळी तापवतो! त्या दोन तासांत भाव बघा, डोळे पांढरे होतील. पण बारीक केबल अजून आहे. वारा सुटला की मंगळवारी दुपारी, रविवारी पहाटे वीज मातीमोल होते. उद्याच्या प्रत्येक तासाचा भाव आदल्या दिवशी दुपारी पावणेतीनला कळतो. मी रोज लिहीन. जो तास स्वस्त, तो आपला शनिवार."

तिने नाताळ जुलैत करायला सांगितलं असतं तरी एवढा गलका झाला नसता. शनिवार तो शनिवार! आजा-पणजाचा शनिवार! पहाटे पाचला काय गाई घासायला जायचं?

लेइदा मावशी काठी आपटत उठली. "गप्प बसा सगळे. मला सोव्हिएत सैनिकांनी सैबेरियात नेलं तेव्हा मी लहान पोर होते. तिथे महिनोन् महिने आंघोळ नव्हती, आणि वार कुठला ते विचारायला कॅलेंडरही नव्हतं. आता कुठल्याशा जहाजाने दोरी तोडली म्हणून मी मळकी बसू? मंगळवार तर मंगळवार. नाकावर टिच्चून धुऊन निघेन!"

उर्मेतने चष्मा पुसला. "एक महिना. मागच्या फेब्रुवारीत जाड केबल शाबूत होती, तेव्हाचं बिल मी समोर ठेवतो. त्यावर एक सेंट जरी गेला, तर कुलूप. मान्य?"

केबल तुटलेली असताना केबल असतानाचं बिल! आईने रग्नेची बाही ओढली. रग्नेने बाही सोडवून घेतली. "मान्य."

*

नोटिशीबरोबर दाराचा रंग निघाला होता ना, बरोबर तिथेच रग्नेने शाळेतून मागून आणलेला एक काळा फळा टांगला. रोज दुपारी बसमध्ये बसल्या बसल्या ती उद्याचे भाव पाही, घरी येताना खडूने फळ्यावर तास लिही, आणि खाली एखादी ओळ ठोकून देई. 'उद्या दुपारी १ ते ४. फिनलंडात वादळ आहे, आभार माना.' किंवा 'उद्या नाही. वारा झोपलाय. पायच धुवा.'

पहिल्या आठवड्यात लोक लाजत आले. दुसऱ्या आठवड्यात लाज वाफेत विरघळली. मंगळवारी भर दुपारी टॉवेल खांद्यावर टाकून, डोक्यावर लोकरी टोपी चढवून, काखेत, वाफेत अंगावर आपटायची, बर्च झाडाच्या वाळक्या डहाळ्यांची जुडी धरून बायका बर्फातून चालल्या, की शेजारच्या गावचे लोक गाडीचा वेग कमी करून बघत. रविवारी पहाटे पाचला डोक्याला दिवे बांधलेली पुरुषांची रांग लागली. आतून हाइनोकाकांचा आवाज आला, "कोणी सांगितलं होतं हे नसते उद्योग! ओता दगडांवर अजून एक डबा पाणी!"

आणि फक्त सौनाच नाही. फळा बघून बेकरीवाल्या बाईंनी काळा पाव पहाटे भाजायला घेतला. कपडे धुवायची यंत्रं दुपारी एकदम घुरघुरू लागली. एक दिवस रग्नेला लिहायला पाच मिनिटं उशीर झाला, तर दारापुढे सातजण पाय आपटत उभे. "काय गं, वारा कुठे राहिला?"

आई आता गुणगुणत बाकं घासायची. तालिनच्या मावशीचा फोन आला की म्हणायची, "अगं, बघू मार्चमध्ये."

एकोणीस फेब्रुवारीला माती खाल्ली गेली.

त्याच्या आदल्या दुपारी भावाचं नेहमीचं पान उघडेना. बस हलत होती, बॅटरी संपत आली होती, आणि रग्नेला आता सगळं येतं असं वाटायला लागलं होतं, जो माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा काळ असतो. तिने नॉर्वेचं एक पान उघडलं. तिथेही एस्टोनियाचे तेच भाव होते. तिने तास उतरवले, फळ्यावर टकाटक लिहिले : 'उद्या सकाळी ९ पासून, बायका.' आणि खाली एक हसरा सूर्य काढला.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला, नऊ वाजून वीस मिनिटांनी, तिने बाकाखाली फोन सहज पाहिला. नेहमीचं पान आता चालू झालं होतं. चालू तासाचा भाव महिन्यातला सगळ्यात वरचा. स्वस्त तास दहापासून.

रग्नेच्या तोंडचं पाणी पळालं. नॉर्वेत नऊ वाजतात तेव्हा एस्टोनियात दहा वाजलेले असतात. लहान मुलालाही माहीत असलेली गोष्ट.

"बाई, पोटात दुखतंय," म्हणून ती बाहेर पळाली आणि आईला फोन लावला. एकदा. चारदा. अकरा वेळा. वाफेला घाबरून आई फोन साबणाच्या खणात ठेवते, हे तिला अकराव्यांदा आठवलं. शाळा ते गाव सात किलोमीटर. त्या तासभरात मोठी भट्टी आणि पाण्याची टाकी दोन्ही पूर्ण जोरात तापत होती, आणि तीन आठवड्यांची बचत वाफ होऊन बर्फाळ आभाळात चालली होती.

घरी आल्यावर ती आईला म्हणाली, "कोणाला कळायची गरज नाही. आज थंडी जास्त होती म्हणू."

आईने बाक घासायचा ब्रश खाली ठेवला आणि फक्त तिच्याकडे पाहिलं. रग्ने फळ्याकडे गेली. सूर्य पुसला. खडू दोनदा मोडला. मग तिने भल्या मोठ्या अक्षरांत लिहिलं :

'आजचा तास मी चुकवला. नॉर्वेचं घड्याळ एक तास मागे असतं, हे विसरले. नुकसान अंदाजे ९० युरो. चूक माझी. फळा उद्याही मीच लिहिणार. — रग्ने'

संध्याकाळी उर्मेत येऊन उभा राहिला, वाचलं, फोटो काढला. "म्हणजे गावाची आंघोळ एका मुलीच्या खडूवर चालली आहे," तो शांतपणे म्हणाला.

"हो," रग्ने म्हणाली. तिचे कान पेटले होते, पण मान खाली गेली नाही. "खडूने लिहिलेलं निदान सगळ्यांना दिसतं, काका."

नव्वद युरो भरून काढायला नऊ दिवस. रग्नेने कागदावर दहा वेळा आकडेमोड केली. प्रत्येक वेळी तेवढेच कमी पडत होते. उपाय लेइदा मावशीने काढला, आणि तो इतका साधा होता की आजवर कोणालाच सुचला नव्हता. किविरान्नात पुरुषांची वेगळी पाळी, बायकांची वेगळी. भट्टी दोनदा तापायची. पणजोबांपासून.

"एकदाच तापवा," मावशी म्हणाली. "आधी बायका. मग दगड गरम आहेत तोवर पुरुष."

"उरलेली वाफ?" हाइनोकाका ताडकन उठले. "पहिली वाफ पुरुषांची असते! माझा बाप, माझा आजा—"

"तुझ्या आज्याला मी ओळखत होते. तो आंघोळच करायचा नाही. बायकांची उरलेली वाफ घ्यायला लाज वाटत असेल, तर समोर समुद्र आहे. तिथे फुकट आहे."

तीन दिवस पुरुष रुसून बसले. चौथ्या दिवशी हाइनोकाका मान वळवून, जणू चुकून आल्यासारखे, टॉवेल घेऊन दारात उभे राहिले. "वाफ ती वाफ," ते फळ्याला म्हणाले. त्यांच्यामागे अख्खी रांग होती.

*

तीन मार्चला बिल आलं. मागच्या फेब्रुवारीपेक्षा एकोणीस युरो जास्त.

"एकोणीस," रग्ने म्हणाली. "केबल तुटलेली, भाव दुप्पट-तिप्पट, आणि फक्त एकोणीस! काका, हे तर आम्ही जिंकलो!"

"तू मोजमाप मान्य केलं होतंस," उर्मेत म्हणाला. त्याला आनंद होत नव्हता हे दिसत होतं, आणि रग्नेला त्याचाच जास्त राग येत होता. "मी आज एकोणीस सोडले, तर उद्या ग्रंथालय नव्वद मागेल. माइरे, चावी."

आईने गळ्यातली चावी काढून दिली. अकरा वर्षांत त्या चावीचा गळ्यावर एक फिकट डाग पडला होता. मग ती बादल्या एकात एक रचू लागली. आवाज न करता, एकेक.

सकाळी रग्ने बसची वाट पाहत पालिकेसमोर उभी होती. डोळे चुरचुरत होते. थंडीने, असं तिने स्वतःला सांगितलं. बसला वेळ होता. ती मांजरीशेजारी चौथ्या पायरीवर बसली. मांजर घुरघुरली.

बुडाखाली मस्त ऊब.

रग्ने बसल्या जागी ताठ झाली. मग तिने फोन काढला. आठ चाळीस. दिवसातला सगळ्यात महाग तास. तिने पायरीवर हात ठेवला, मग कान ठेवला, जणू ती काही बोलणार होती. दाराशेजारी एक राखाडी पेटी होती, पेटीच्या काचेत मीटर, मीटरखाली चिठ्ठी : 'पायऱ्या. स. ७ ते १०.' रग्नेने आकडा टिपला. बस आली, थांबली, भोंगा वाजवला, गेली. वीस मिनिटांनी तिने पुन्हा आकडा टिपला.

मग ती लेइदा मावशीच्या घराकडे धावत सुटली. आयुष्यात पहिल्यांदा शाळा बुडवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पालिकाप्रमुख उर्मेत कामावर आला, तेव्हा त्याला पायऱ्या दिसल्याच नाहीत. सातही पायऱ्यांवर बायका होत्या. अंगात जाड झगे, डोक्याला लोकरी टोप्या, मांडीवर घमेली, हातात डहाळ्यांच्या जुड्या. लेइदा मावशी मधोमध, मांजर मांडीवर. बेकरीवाल्या बाई गरम काळा पाव फिरवत होत्या. सगळ्यात खाली, बर्फात पाय सोडून, माइरे. तिला मुलीने नाही, लेइदा मावशीने हाताला धरून आणलं होतं.

"सुप्रभात," उर्मेत म्हणाला. "हे काय आहे?"

"सौना," लेइदा मावशी म्हणाली. "तू आमचा बंद केलास, तर आम्ही तुझ्याकडे आलो. वाफ नाही, पण बूड शेकतंय."

"मला आत जायचंय."

"जा ना. अडवलंय कोणी? बायका ओलांडायच्या असतील तर ओलांड. शाळेत तुला रव्याची लापशी मी वाढली आहे, दुधाची साय वेगळी काढून. ती नीट पचली होती का, ते आज कळेल."

रग्ने दारापाशी, मीटरच्या पेटीला टेकून उभी होती. हातात तोच काळा फळा. तिने तो वळवला.

"काका, या पायऱ्या रोज सकाळी तीन तास तापतात. बरोबर तेच तीन तास, जेव्हा वीज सगळ्यात महाग असते. काल मीटर वाचलं मी. महिन्याचे दोनशे युरोंच्या वर. एकोणीस युरोंसाठी तुम्ही गावाची आंघोळ बंद केलीत, आणि दोनशे युरो खर्चून मांजर शेकताय."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मांजरीने डोळा उघडून मिटला.

"पायऱ्यांचा खर्च वेगळ्या खात्यात—" उर्मेतने सुरुवात केली.

"वीज एकाच तारेतून येते, काका."

"लोक घसरतील."

"समोर समुद्र आहे," मागून हाइनोकाकांचा आवाज आला. ते ढकलगाडी ढकलत येत होते. गाडीत किनाऱ्यावरची ओली वाळू काठोकाठ. "आणि समुद्राला वाळू आहे. माझा आजा हेच टाकायचा. आंघोळ करत नसेल, पण पडला कधीच नाही."

उर्मेतने फळ्यावरचे आकडे वाचले. आकड्यांपुढे त्याचं कधीच काही चालत नसे, ही त्याची अडचण होती आणि हाच त्याचा चांगुलपणा होता. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा आकडे तपासले. एक हातचा चुकलाय का ते बघितलं. चुकला नव्हता.

मग तो बायकांच्या मधून कशीबशी वाट काढत दारापर्यंत गेला, त्याने पेटी उघडली आणि खटका खाली पाडला. "तपासायला हवं होतं मी," तो म्हणाला. कोणाला ते त्याने सांगितलं नाही. तसाच खाली उतरून, खिशातून चावी काढून त्याने ती माइरेपुढे धरली.

माइरे उठली नाही. "ऑगस्टपर्यंत?"

"ऑगस्टपर्यंत."

"एकोणीस-बीस इकडे तिकडे झालं तरी?"

"झालं तरी. पण फळा... तेवढं नॉर्वेचं बघा."

"बघते," रग्ने म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. जुन्या सवयी काय एकदम जातात होय!

बायका उठायला तयार होत नव्हत्या. पायऱ्या अजून गरम होत्या. फुकट गेलेली ऊब सोडायची कशाला? पाव संपेपर्यंत त्या बसल्या आणि उर्मेत खाली बर्फात उभा राहिला. शेवटी मावशीने त्यालाही एक तुकडा दिला. सायीशिवाय.

*

ऑगस्टमध्ये दुरुस्तीचं जहाज क्षितिजावर आठवडाभर एकाच जागी उभं राहिलं. किविरान्नाचे लोक संध्याकाळी पिवळ्या पाटीखाली जमून त्याच्याकडे बघत, जणू आत कोणाचं तरी बाळंतपण चाललंय. मग एक दिवस जहाज निघून गेलं, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी पावणेतीनला रग्नेने भाव उघडले आणि पुन्हा पाहिले. मग घड्याळ पाहिलं, देशही पाहिला. एस्टोनियाच होता. शनिवारची संध्याकाळही स्वस्त होती, आणि पलीकडच्या फिनलंडचा भावही तोच; केबल जुळली होती.

तिने फळ्यावर लिहिलं : 'उद्या. शनिवार. संध्याकाळी ६.' एवढंच.

शनिवारी अख्खं गाव लोटलं. हाइनोकाकांनी धुरावलेले मासे आणले, बाहेरच्या बाकावर मांडले आणि सगळ्यांना सांगितलं की त्यांची शीतपेटी आता निम्म्यात चालेल, आणि केबल व्हावी असं आपण पहिल्यापासून म्हणत होतो. कोणी वाद घातला नाही. मासे चांगले होते.

सव्वासात वाजले. दाराबाहेर पुरुषांची रांग लागली होती. पहिल्या नंबरला पालिकाप्रमुख, कमरेला टॉवेल, हातात डहाळ्यांची जुडी. त्याने दारावर टकटक केली.

"झालं का बायकांचं?"

आतून दगडांवर पाणी पडल्याचा लांबच लांब फुत्कार आला, पाठोपाठ हसण्याचा गलका, आणि त्या गलक्याला चिरत लेइदा मावशीचा आवाज :

"नाही झालं! वीज स्वस्त आहे आता. बस बाहेर!"